नॉमिनी कोण आणि मालक कोण?

घरातला कमावता मुलगा अचानक गेला. बँकेत त्याच्या एकट्याच्या नावावर बारा लाखांची मुदतठेव, नॉमिनी म्हणून बायकोचे नाव. मागे बायको, दोन लहान मुले आणि त्याची आई. वडील पूर्वीच वारलेले. मृत्युपत्र केलेले नाही. दिवसकार्य आटोपल्यावर सून बँकेत जाते, मृत्यूचा दाखला आणि अर्ज देते, आणि थोड्या दिवसांत रक्कम तिच्या खात्यात जमा होते. मग घरात विषय निघतो, की यात आईचाही वाटा आहे. सून म्हणते, "बँकेच्या कागदावर नाव माझं आहे." सासू म्हणते, "मुलगा माझा होता." नातेवाईक दोन्ही बाजूंनी बोलू लागतात आणि ज्या घराने एकमेकांना धरून राहायचे, ते घर दुखवट्यातच फाटते.

या दोघींत बरोबर कोण? कायद्याने दोघीही. पैसे बँकेतून काढण्याचा हक्क सुनेचा, आणि त्यांतला चौथा हिस्सा, म्हणजे तीन लाख रुपये, सासूचा. पैसा कुणाच्या हाती येतो आणि पैसा कुणाचा होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे दोन वेगळ्या कायद्यांत आहेत. बहुतेक घरांत हा फरक कळतो तो माणूस गेल्यावर, जेव्हा कागदात काही बदलता येत नाही.

एसटीने आलेली आंब्याची पेटी

गावाहून भावाने एसटीने आंब्याची पेटी पाठवली आणि स्टँडवरून ती सोडवून आणायला पुतण्याचे नाव कळवले, असे समजा. डेपोतला माणूस पुतण्याची ओळख पटवतो, सही घेतो, पेटी देतो. त्याची जबाबदारी तिथे संपली. आंबे कुणी किती खायचे, हे त्याने विचारायचे नाही. पण सही केली म्हणून पेटी पुतण्याची होत नाही. ती घरी जाते आणि वाटे घरात पडतात.

नॉमिनी हा असा पेटी सोडवून आणणारा. ही सोय मुळात बँकेसाठी आहे. खातेदार गेल्यावर वारस कोण, किती, त्यांच्यात वाद आहे का, हे बँक तपासत बसली तर कुणालाच वेळेवर पैसा मिळणार नाही. म्हणून कायद्याने तिला मुभा दिली, की नोंदवलेल्या माणसाला रक्कम दे आणि मोकळी हो. त्या रकमेवरचा वारसांचा हक्क त्याने बुडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात स्पष्ट केले. एका गृहस्थाच्या दहा-दहा हजारांच्या दोन आयुर्विमा पॉलिसी होत्या आणि नॉमिनी पत्नी होती. मुलगा आणि आई यांनी आपला वाटा मागितला. न्यायालयाने निकाल दिला, की पत्नी रक्कम स्वीकारेल, पण ती वारसा कायद्याप्रमाणे सगळ्यांत वाटली जाईल. बँकेतल्या ठेवींबद्दल २०१० मध्ये हाच निकाल आला. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत बरीच वर्षे संभ्रम होता. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीवरून उभा राहिलेला प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर मिळाले: तिथेही नॉमिनी मालक होत नाही.

महाराष्ट्रातल्या फ्लॅटचेही तसेच. सभासद वारल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. कायदेशीर वारस ठरेपर्यंत देखभालखर्च भरायला आणि व्यवहार पाहायला कुणीतरी हवे असते, म्हणून. फ्लॅट त्याच्या नावावर झाला असा त्याचा अर्थ नाही.

आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने एक पोटभेद आला. आईवडील, जोडीदार किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर त्यांना 'लाभार्थी नॉमिनी' म्हणतात आणि रक्कम त्यांची समजायची असा कायद्याचा रोख आहे. पण या तरतुदीने इतर वारसांचा हक्क पूर्ण संपतो का, यावर उच्च न्यायालयांची मते जुळलेली नाहीत. म्हणून विम्याच्या बाबतीतही केवळ नॉमिनीच्या रकान्यावर विसंबून राहू नये असे माझे मत आहे.

वाटे कसे पडतात

मृत्युपत्र नसेल तर हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख पुरुषाच्या संपत्तीला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात आणि प्रत्येकाला समान वाटा मिळतो. मुलगी लग्न होऊन सासरी गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. पत्नी किंवा मूल किंवा आई असेल, तर वडिलांना काही मिळत नाही. ज्यांचे वृद्ध वडील त्यांच्यावरच अवलंबून आहेत, त्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण नियमाने त्या वडिलांच्या हाती काहीही येणार नाही.

मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांश संपत्तीच देता येते. त्याहून जास्त द्यायची तर वारसांची संमती लागते.

गोव्यात तर पायाच निराळा. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे तिथे, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, मग धर्म कोणताही असो. एक जण गेला की निम्मे आधीपासूनच दुसऱ्याचे असते. उरलेल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलाबाळांसाठी राखीव असतो, तो मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नाही. पुण्यातल्या मुलीला जो नियम लागतो, तो म्हापशात लग्न होऊन राहिलेल्या तिच्या बहिणीला लागेलच असे नाही.

बाईच्या कमाईची वाट वेगळी

हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या संपत्तीचे पहिले वारस मुलगे, मुली आणि नवरा. इथवर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. पण मूलबाळ नाही आणि नवराही नाही, तर पुढचा क्रमांक नवऱ्याच्या वारसांचा लागतो. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी अशा वेळी माहेरकडे, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतः कमावलेल्या पैशाला ही सवलत नाही.

याचा अर्थ काय होतो, ते नारायणी देवींच्या प्रकरणात दिसते. १९५५ मध्ये लग्न झाले आणि तीन महिन्यांत नवरा वारला. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढले. आईवडिलांनी सांभाळले, शिकवले. त्या नोकरीला लागल्या आणि आयुष्यभर स्वतःच्या पायावर राहिल्या. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता त्यांचे निधन झाले. त्यांची आई हयात होती आणि तिने हक्क सांगितला. दुसरीकडून नवऱ्याच्या बहिणीची मुले पुढे आली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायदा जसा आहे तसा वाचला तर संपत्ती नवऱ्याच्या बाजूला जाते, सहानुभूतीने कायद्याचे शब्द बदलता येत नाहीत. लेकीला उभे करणाऱ्या आईला काही मिळाले नाही. लेकीला हाकलणाऱ्या घराला सगळे मिळाले.

हा कायदा अन्यायाचा आहे आणि तो बदलायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो बदलेपर्यंत कमावत्या स्त्रीने, विशेषतः विधवा, निपुत्रिक किंवा एकटी राहणारी असेल तर, स्वतःचे मृत्युपत्र करणे ही चैन नाही. शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी म्हणून पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या कितीतरी बायकांच्या ठेवी आज अशाच, काही न लिहिता पडून आहेत.

लग्न झाले, कागद तसाच राहिला

पहिली नोकरी लागते तेव्हा माणूस अविवाहित असतो. भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीएफच्या, कागदावर वडिलांचे नाव लिहितो. पगार सुरू झाल्यावर ओळखीच्या एजंटाकडून एक पॉलिसी घेतो, तिथे आईचे. चार वर्षांनी लग्न होते. या दोन कागदांचे पुढे काय होते?

पीएफचा कागद आपोआप बाद होतो. लग्नाआधी केलेले नामांकन लग्नानंतर ग्राह्य धरले जात नाही, असे योजनेतच म्हटले आहे. नवे करावे लागते, आणि कुटुंब असेल तर नामांकन कुटुंबातल्याच माणसाचे करावे लागते, मित्राचे किंवा चुलतभावाचे चालत नाही. आता हे यूएएन, म्हणजे पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक, वापरून ऑनलाइन करता येते, त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा.

पॉलिसीचा कागद मात्र लग्नाने बदलत नाही. मुले झाली, आई वारली, तरी जुने नाव तिथेच बसून राहते. घटस्फोटाचेही तेच. बँकेला आणि विमा कंपनीला आपला घटस्फोट आपोआप कळत नाही. पूर्वीच्या जोडीदाराचे नाव तुम्ही खोडेपर्यंत तिथे राहते आणि पैसा सोडवायला कायद्याने तोच माणूस पुढे येतो. मृत्युपत्राची गत आणखी वेगळी. हिंदूंनी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींचे होते.

एकाच घटनेने एक कागद मरतो, दुसरा जिवंत राहतो. म्हणून प्रत्येक मोठ्या बदलानंतर सगळे कागद एकदा काढून पाहण्याला पर्याय नाही.

चौकट : काय बदलले की काय पाहावे

लग्न : पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे नामांकन नव्याने करा. जुन्या पॉलिसी, ठेवी, डीमॅट खाते यांवरची नावे तपासा.

मूल झाले : अज्ञान मुलाला नॉमिनी केले, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या मोठ्या माणसाचे नावही नोंदवावे लागते.

घटस्फोट : बँक, विमा, म्युच्युअल फंड, सोसायटी अशा सगळ्या ठिकाणची नावे स्वतः बदला.

नॉमिनीचा मृत्यू : तो रकाना रिकामा झाला असे समजा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरसाठी फक्त एकामागून एक.

नोकरी बदलली : जुना पीएफ नव्या खात्यात वळवा आणि तिथले नामांकन पाहा.

पहिले काही महिने

वाटे नंतर पडतात. त्याआधी किराणा, शाळेची फी, औषधे आणि कर्जाचा हप्ता यांना पैसा लागतो. पुष्कळ घरांत यावर एक उपाय केला जातो: गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड वापरायचे किंवा त्याच्या फोनवरून पैसे वळवायचे. पिन माहीत असतो, अडचण खरी असते. पण खातेदाराच्या मृत्यूबरोबर ते वापरण्याची परवानगी संपते. पुढे एखाद्या वारसाने तक्रार केली तर हे पैसे काढणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि ती बहुधा बायकोच असते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे घरखर्चाचे एक खाते दोघांच्या नावे ठेवणे आणि खाते उघडताना 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' हा पर्याय घेणे. बँकेत याला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणतात. एक जण गेला तरी दुसऱ्याला त्यातून पैसे काढता येतात. किती ठेवावे? तीन ते सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढे, असा सर्वसाधारण सल्ला असतो. ज्या घरात एकच कमावता आहे, तिथे मी सहा महिन्यांच्या खाली जाणार नाही.

संयुक्त मुदतठेवीत एक बारकावा आहे. एक जण गेल्यावर दुसऱ्याला ती मुदतीआधी मोडायची असेल, तर तशी सूचना दोघांनी मिळून आधीच लिहून दिलेली असावी लागते. ती नसेल तर बँक गेलेल्या व्यक्तीच्या सगळ्या वारसांची संमती मागू शकते. ठेव ठेवतानाच्या फॉर्मवर हा एक छोटा रकाना असतो. तिथे खूण आणि दोघांच्या सह्या आहेत का, एवढे पाहून या.

खातेदार एकटाच असेल तर बँकेत दावा करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सगळी कागदपत्रे मिळाल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे, उशीर झाल्यास भरपाई द्यायची आहे. नॉमिनी नसला तरी ठरावीक मर्यादेपर्यंत (सहकारी बँकांत ५ लाख, इतर बँकांत १५ लाख) सोप्या कागदपत्रांवर रक्कम द्यायची आहे. खिडकीवरचा माणूस कोर्टाचा दाखला आणा म्हणाला, तर या मर्यादेची आठवण जरूर करून द्यावी.

काही पैसे असतात, पण घरच्यांना ते आहेत हेच ठाऊक नसते. पीएफचा सभासद नोकरीत असताना वारला, तर ईडीएलआय नावाच्या योजनेतून कुटुंबाला ७ लाखांपर्यंत विमा मिळतो. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून एक पैसाही कापलेला नसतो, म्हणून पगाराच्या कागदावर त्याची खूण सापडत नाही. पीएफसाठी फॉर्म २०, विम्यासाठी ५ आयएफ आणि निवृत्तिवेतनासाठी १० डी, असे तीन फॉर्म भरायचे असतात. पुष्कळ कुटुंबे पहिला भरून थांबतात. ग्रॅच्युइटीसाठी नोकरीची पाच वर्षे लागतात असे सगळ्यांना माहीत असते, पण मृत्यूच्या वेळी ती अट लागू नसते.

आणि पासबुक वाचा. मे-जूनच्या पानांवर ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे आणि कुटुंबाला २ लाख मिळू शकतात. २० रुपयांची नोंद दिसली, तर तो अपघात विमा. ही रक्कम दर वर्षी आपोआप कापली जाते, घरात कुणाला आठवतही नाही, आणि दावा न करता राहून जातो. जुनी, विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले आहे. अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी तिथे एकाच ठिकाणी शोधता येतात.

कर्ज कुणाच्या डोक्यावर

"नवऱ्याचं कर्ज आता तुम्हीच फेडायचं" असे वसुलीवाले विधवेला सांगतात आणि घाबरून ती दागिने मोडते. तसा नियम नाही. गेलेल्या माणसाचे कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होते. वारसाला जेवढे मिळाले, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. काहीच मिळाले नसेल तर त्याच्या स्वतःच्या पगारावर किंवा स्त्रीधनावर हात टाकता येत नाही. अपवाद दोन: तुम्ही सहकर्जदार असाल किंवा जामीनदार असाल. घराच्या कर्जावर बायकोला सहकर्जदार करणे सर्रास चालते, आणि पतसंस्थेच्या कर्जाला भाऊ किंवा सहकारी जामीन राहिलेला असतो. त्यांची जबाबदारी कर्जदाराच्या मृत्यूने संपत नाही. म्हणून मोठे कर्ज घेताना तेवढ्याच रकमेचा मुदत विमा घ्यावा.

आणि तो विमा १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. जुना, फारसा न वापरला जाणारा पण अतिशय कामाचा हा कायदा आहे. नवऱ्याने या कायद्याचा उल्लेख करून पत्नी किंवा मुलांसाठी पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्याच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. सावकार, बँक, व्यापारातले घेणेकरी तिला हात लावू शकत नाहीत, आणि इतर वारसांतही ती वाटली जात नाही. पॉलिसी घेतानाच ही नोंद करावी लागते, मागाहून जोडता येत नाही. एकदा केली की नवऱ्यालाही ती परस्पर फिरवता येत नाही. दुकान चालवणाऱ्या, ठेकेदारी करणाऱ्या, ज्यांच्या डोक्यावर धंद्याचे कर्ज असते अशा माणसांच्या घराला याचा मोठा आधार होतो.

दोन साक्षीदार आणि एक कागद

सुरुवातीच्या त्या घराकडे पाहिले, तर वाद टाळण्याचा मार्ग एकच होता: मृत्युपत्र. नॉमिनीपेक्षा आणि वारसा कायद्याच्या ठरावीक वाट्यांपेक्षा मृत्युपत्राचा शब्द वरचढ असतो. सगळे बायकोला द्यायचे असेल, किंवा वडिलांना, किंवा आईच्या औषधपाण्यासाठी वेगळी रक्कम ठेवायची असेल, तर तसे लिहिता येते. फक्त ते स्वतः कमावलेल्या आणि स्वतःच्या वाट्याच्या मालमत्तेपुरते.

त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले तरी चालते. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, वादाला निमित्त मिळते. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान निवडावेत, कारण उद्या सही खरी आहे हे त्यांनाच सांगावे लागेल. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली तर खरेखोटेपणाचा वाद कमी होतो, आणि थकलेल्या किंवा आजारी माणसाने ती करून ठेवावी. मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते, शेवटचे ग्राह्य धरले जाते.

लिहिताना एक वाक्य हमखास राहून जाते. माणूस तीन ठेवी, फ्लॅट आणि दागिने यांची यादी करतो, कुणाला काय ते लिहितो. चार वर्षांनी त्यांतली एक ठेव मोडून नव्या बँकेत ठेवतो, थोडे म्युच्युअल फंड घेतो. हे नवे पैसे यादीत नाहीत, म्हणून मृत्युपत्र असूनही ते पुन्हा वारसा कायद्याच्या वाट्यांत जातात. म्हणून यादीच्या शेवटी असे लिहावे: 'वर उल्लेख नसलेली, आज असलेली व पुढे माझ्या नावे होणारी सर्व स्थावर व जंगम मालमत्ता मी अमुक व्यक्तीला देत आहे.' आणि ती व्यक्ती आपल्या आधी गेली तर कुणाला, तेही पुढच्याच ओळीत.